चार नंबरचा आवाज

ओनेडा रॅटलिफ आयुष्यात एकदाच कोर्टाची पायरी चढली, आणि तीही रेडिओ ऐकला म्हणून. केंटकीच्या या डोंगरात लोक काय काय करून कोर्टात येतात ते मी रोज वायरलेसवर ऐकते. नशेच्या गोळ्या विकतात, मेव्हण्यावर बंदूक रोखतात, एकाने तर कबरस्तानातलं गवत कापायचं यंत्र पळवलं होतं. पण स्कॅनर ऐकण्याच्या गुन्ह्याखाली दोषी ठरलेली माझ्या माहितीत ही एकटीच. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून डुलक्या घेणारी बाई.

मी जॉनेल. कोर्टाच्याच इमारतीत, तळघरात, काउंटीची कंट्रोल रूम आहे, तिथे बसते. लोक नऊ-एक-एक लावतात, मी उचलते, कुठे काय झालंय ते विचारते आणि अँब्युलन्स, आगीचा बंब किंवा शेरीफची माणसं धाडते. इतकी वर्षं झाली की आता खुर्चीची आणि माझी पाठ एकदमच दुखते. गावात माझं तोंड फारसं कुणी ओळखत नाही, आवाज मात्र सगळे ओळखतात. दुकानात मी नुसते कांदे मागितले तरी दोन माणसं दचकून मागे वळून बघतात.

याचं कारण स्कॅनर, म्हणजे पोलीस-अँब्युलन्सचं वायरलेस घरबसल्या पकडणारा रेडिओ. आमच्याकडे बऱ्याच घरांत फ्रिजवर तो डबा असतो आणि त्यातून दिवसभर मी खरखरत असते. कुणाच्या घरी अँब्युलन्स निघालीय, कुठल्या खोऱ्यात आग लागलीय, सगळं ऐकू येतं. कायद्याचं म्हणाल तर तो असा आहे. घरात बसून खुशाल ऐका. तोच डबा गाडीत घेऊन फिरलात तर मात्र गुन्हा, कारण पोलीस कुठे आहेत हे चोरालाही ऐकायचं असतं. वर्तमानपत्रवाल्यांना सूट आहे, परीक्षा देऊन रेडिओचा परवाना काढणाऱ्या हौशी लोकांना सूट आहे. आणि ऐकलेलं गावभर करत सुटायचं नाही असंही कुठल्याशा कलमात आहे म्हणे, पण त्यावर दोन वकिलांची तीन मतं पडतात.

ओनेडाकडे स्कॅनर आला तो बर्लमुळे. बर्ल म्हणजे तिचा नवरा. खाणीत काम करून फुप्फुसं खराब झाली तेव्हा त्याला घरी बसवलं, तर हा उठून बिनपगारी आगीच्या बंबावर जायला लागला. मग ओनेडाने स्कॅनर घेतला. नवरा कुठे गेलाय आणि धड आहे का, एवढंच तिला कळायला हवं होतं. त्यांची एकुलती मुलगी टोन्या त्याच स्वयंपाकघरात, त्याच खरखरीत अभ्यास करून मोठी झाली आणि अँब्युलन्सवर लागली. चार नंबरची गाडी तिची.

बर्ल गेला तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. हायवेपलीकडे भावाच्या शेतात गवत कापता कापता तो कोसळला. भावाने फोन केला. मला सगळ्यांत जवळ चार नंबर होती आणि दुसरी गाडी जिल्ह्याच्या दवाखान्यात अडकलेली. मी पत्ता सांगितला, टोन्याने शांतपणे तो परत म्हणून दाखवला, आपल्या काकाचा पत्ता. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "चार नंबर, पोहोचलो." मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मग, "चार नंबर, निघालो." तो आवाज ऐकला तेव्हाच मला कळलं. दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

इकडे घरी ओनेडा टेबलाला धरून हे सगळं ऐकत होती. दफन झाल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत सगळे ताटं घेऊन बसले होते, मीही होते, तेव्हा ती टोन्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी ऐकत होते," ती म्हणाली. "पोहोचलात आणि तिथेच बसून राहिलात. त्याला गाडीत घालून पळवलं असतंत तर तो जगला असता. काय करत होतात गं एवढा वेळ?"

टोन्याने ताट खाली ठेवलं, कोट घेतला आणि गेली. त्यानंतर चार वर्षं ती आईच्या दारात आली नाही. आई एका खोऱ्यात, लेक शेजारच्या खोऱ्यात, मधे एक डोंगर, आणि दोघींचा स्वभाव त्या डोंगरासारखाच.

मग ओनेडाने काय करावं? स्कॅनर ऐकावा. टोन्याच्या ड्यूटीचे दिवस तिला पाठ झाले. त्या दिवशी ती स्वयंपाकघरातून हलायची नाही. एकदा चर्चमधून बाहेर पडताना मला म्हणाली, "सकाळी ती 'चार नंबर, हजर' म्हणते ना, त्यावरून मला कळतं पोरीला झोप लागलीय की नाही. परवा घसा बसला होता. तू तिला सांग, मीठ-पाण्याच्या गुळण्या कर म्हणावं."

"मिस ओनेडा, मी वायरलेसवर गुळण्या सांगितल्या तर माझी नोकरी जाईल." आमच्याकडे लग्न झालेल्या म्हाताऱ्यांनाही मानाने मिसच म्हणतात.

"मग फोनवर सांग."

"तुम्हीच सांगा ना फोनवर."

ती काठी टेकत गाडीपर्यंत गेली. मला राग आला, दोघींचाही. कटकट नुसती. पण त्या आठवड्यात मी टोन्याला गुळण्यांचं सांगितलंच.

असंच चाललं असतं. पण व्हर्नन स्टँपर नावाचा एक रिकामटेकडा माणूस आमच्या गावात आहे. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या विकतो. त्याने इंटरनेटवर एक पान काढलं आणि स्कॅनरवर जे ऐकेल ते तिथे टाकायला लागला. कुणाला झटका आला, कुणाच्या घरी भांडण झालं, पत्त्यासकट. अर्धी काउंटी ते वाचायची आणि वाचून त्यालाच शिव्या द्यायची. त्या हिवाळ्यात नदीच्या वळणावर एका तरुण पोराची गाडी उलटली. शेरीफ त्याच्या घरी सांगायला निघाले होते, टोपी हातात घेऊन, जसं सांगतात तसं. ते पोहोचायच्या आत व्हर्ननने गाडीचा रंग, नंबर सगळं टाकलं होतं. त्या पोराच्या आईला ते दुकानाच्या गल्ल्यावर, पुढच्या गिऱ्हाईकाच्या फोनमध्ये दिसलं.

शेरीफ वेड्यासारखे संतापले. व्हर्ननवर खटला घाला म्हणाले. सरकारी वकील म्हणाले, तो घरात बसून ऐकतो, घरात ऐकायला मुभा आहे, आणि पुढे सांगितल्याचा गुन्हा शाबीत होईलच याची खात्री नाही. मग शेरीफनी हुकूम काढला की निदान गाडीत स्कॅनर सापडेल त्याला सोडायचं नाही. व्हर्नन गाडीत कधी ऐकायचाच नाही, गडी आळशी. हुकूम निघाला आणि पहिल्या पंधरवड्यात सापडली ती ओनेडा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

त्या दिवशी टोन्याची ड्यूटी होती. सकाळीच मी चार नंबरला एका घरी पाठवलं होतं जिथे आत बंदूक घेतलेला माणूस होता. अशा वेळी अँब्युलन्स रस्त्यावर थांबते आणि शेरीफची माणसं आत जातात. ओनेडाने हे ऐकलं. तिची डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ होती, आधी दोनदा पुढे ढकललेली, आणि तिसऱ्यांदा ढकलली तर वसंतापर्यंत नंबर लागायचा नाही. बर्लचा एक हातात धरायचा छोटा स्कॅनर होता. तो तिने पर्समध्ये टाकला आणि निघाली.

वाटेत कोल्बी नेपियरने तिला थांबवलं. कोल्बी नवा, शेरीफकडे लागून वर्षही झालं नव्हतं, वायरलेसवर सतरा नंबर. थांबवलं ते फक्त मागचा दिवा गेला होता म्हणून. तिने काच खाली केली, त्याने "नमस्कार, मॅडम" म्हटलं, आणि हिचा चेहरा उजळला.

"अगं बाई, सतरा नंबर तूच का? तुझी सर्दी गेली वाटतं. दोन आठवडे काय शिंकत होतास रे."

कोल्बी गोंधळला. जन्मात न पाहिलेली म्हातारी आपल्याला नंबराने हाक मारतेय आणि सर्दीची चौकशी करतेय. तरी तो सरळ पोरगा. त्याने खांद्यावरचा माइक दाबला आणि मला तिच्या गाडीचा नंबर सांगायला सुरुवात केली. त्याबरोबर त्याचाच आवाज तिच्या पर्समधून बाहेर आला. दोन रेडिओ जवळ आले की किंचाळतात, तसे ते किंचाळले. इकडे तळघरात मी कानावरचं यंत्र काढून फेकलं. मला वाटलं, पोराचा जीव घेतला कुणीतरी.

"मॅडम, पर्समध्ये काय आहे?"

"तूच आहेस रे," ओनेडा म्हणाली. "जरा हळू बोल."

हे सगळं कोल्बीने मला नंतर सांगितलं, कपाळाला हात लावून. त्याला सोडून द्यायचं होतं. पण मागून सार्जंटची गाडी आली, त्याने विचारलं काय आहे, आणि कोल्बीला खोटं बोलता येत नाही. हा त्याचा मोठा दोष आहे.

खटला चालला त्या दिवशी मी वर जाऊन मागे उभी राहिले. न्यायाधीश वैतागलेले होते. सरकारी वकिलाला सगळं मिटवायचं होतं. त्याने गोड बोलून विचारलं, "मिस ओनेडा, काही निकडीचं कारण होतं का? तब्येत, हवामान, काहीही?"

"नाही."

"मग गाडीत कशासाठी ऐकत होतात?"

अख्ख्या कोर्टाला माहीत होतं. टायपिस्टलासुद्धा माहीत होतं. पण ओनेडा तोंड मिटून उभी.

न्यायाधीश म्हणाले, "हौशी रेडिओचा परवाना काढलात तर गाडीतही ऐकू शकाल. परीक्षा काही फार अवघड नसते."

"परवाना बोलणाऱ्यांना लागतो," ती म्हणाली. "मला कुठे बोलायचंय."

तिने गुन्हा कबूल केला. थोडासा दंड झाला आणि बर्लचा छोटा स्कॅनर जप्त झाला. न्यायाधीश म्हणाले, घरी बसून हवं तेवढं ऐका, कायद्याची ना नाही. ती "उपकार" म्हणाली आणि जिन्याने एक एक पायरी धरत खाली गेली. खालून कुणी धरायला आलं तर त्याचा हात झटकला.

त्याच संध्याकाळी टोन्याचा मला फोन आला.

"गाडीत कशाला नेला होता तिने?"

"तू तिच्यापेक्षा हुशार आहेस असं मला वाटायचं," मी म्हणाले. "तू बंदुकवाल्याच्या दारात होतीस, टोन्या."

ती म्हणाली, "जॉनेल, मी माइक दाबते ना, दर वेळी मला ती दिसते. टेबलाशी बसलेली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. पेशंटच्या छातीवर माझे हात असतात आणि डोक्यात ती असते. किती वेळ लावलास, किती वेळ लावलास. चार वर्षं झाली. मी थकले गं."

आई तिचा घसा ऐकत होती आणि लेकीला वाटत होतं आई वेळ मोजतेय. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, कदाचित सांगितलंही असतं, पण दुसऱ्या लाइनवर कुणाच्या तरी घराला आग लागली होती.

महिन्याभरात काउंटीची सभा भरली. आमचे रेडिओ बदलायचे होते. नव्या रेडिओत आवाजालाच कुलूप असतं, बाहेरच्या डब्यावर काही उमटत नाही. घरात ऐका की गाडीत ऐका, कायदा काय म्हणतो हा प्रश्नच उरत नाही, ऐकायला काही नसतंच. व्हर्ननमुळे लोक चिडलेले होते. तरी विरोध करणारेही आले. कुणी म्हणालं, पूर येतो तेव्हा स्कॅनरवरच कळतं कुठला पूल गेला. कुणी म्हणालं, पोलीस जे करतात ते आमच्या पैशानं चालतं, आम्हाला ऐकायचा हक्क आहे. खरं तर दोन्ही बाजूंचं बरोबर होतं, म्हणून तर सभा लांबली.

ओनेडा दुसऱ्या रांगेत बसली होती, चर्चचा कोट घालून. बोलण्यासाठी तिने नाव दिलं होतं. तिच्या आधी टोन्या उठली. गणवेशातच होती, ड्यूटीवरून थेट आली होती. आईकडे तिने बघितलं नाही.

"मी चार नंबरवर काम करते," ती म्हणाली. "पुलांचं मला कळत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की आमचं काम लोकांना फक्त ऐकू येतं, दिसत नाही. आम्ही म्हणतो पोहोचलो, आणि मग शांत असतो. घरी बसलेल्याला वाटतं गाडी उभी आहे, हे रिकामे बसलेत. ज्याचं हृदय थांबलंय त्याला आधी हलवायचं नसतं. तिथेच, जमिनीवर, गवतात, जिथे पडलाय तिथे छाती दाबत राहायची असते. हलत्या गाडीत ते नीट होत नाही. गाडी उभी असते तेव्हा आम्ही सगळ्यांत जास्त झटत असतो. घाम गळतो, गुडघे सोलतात. तेव्हा माइक दाबायला हात मोकळा नसतो." ती थांबली. "नंतर लोक विचारतात एवढा वेळ काय करत होतात. मला त्याचं उत्तर दर वेळी द्यायचं नाहीये. बंद करा."

ती बसलीही नाही, तशीच बाहेर गेली. मग अध्यक्षांनी पुढचं नाव वाचलं. ओनेडा रॅटलिफ.

ती उठली. काठीवर दोन्ही हात ठेवले. ती काय म्हणणार होती ते मला ठाऊक होतं, कारण आदल्या रविवारी तिने मला विचारून विचारून वाक्यं जुळवली होती. एकटी राहते, म्हातारी आहे, तेवढीच सोबत आहे, वगैरे. पण ती टोन्या गेली त्या दाराकडे बघत राहिली. मला वाटतं, गाडी उभी का होती हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. चार वर्षांत कुणी समजावलं नव्हतं. टोन्याने नाही, डॉक्टरने नाही, मीही नाही, आणि तिनेही कुणाला विचारलं नव्हतं.

"मला काही म्हणायचं नाही," ती म्हणाली आणि खाली बसली.

ठराव पास झाला. वसंतात एका सोमवारी नवे रेडिओ आले. जुन्या रेडिओवरून मी शेवटचं सगळ्यांना सांगितलं की आता नव्यावर या, आणि बटण फिरवलं. काउंटीभरच्या फ्रिजवर मी एकदम मुकी झाले. दुसऱ्या दिवशी दुकानात लोक माझ्याकडे बघत होते, मी मरून परत आल्यासारखं.

रविवारी ओनेडा म्हणाली, "घर इतकं शांत झालंय की फ्रिजचा त्रास व्हायला लागलाय."

"टीव्ही लावा."

"टीव्हीवरच्या कुणाला मी ओळखत नाही."

ती वाळत चालली होती. गुडघ्यांचं निमित्त करून चर्चलाही यायची थांबली. मी एकदा जाऊन आले तर स्वयंपाकघरात स्कॅनर चालूच होता. नुसता लाल दिवा, आवाज नाही. मी म्हणाले, बंद करा आता. ती म्हणाली, असू दे. मी टोन्यालाही म्हणाले, जाऊन ये. ती म्हणाली, बघू. दोघींना धरून एकमेकींवर आपटावं असं वाटत होतं, पण माझ्या अंगात तेवढा जोर राहिलेला नाही.

मग जूनमधल्या एका बुधवारी, दुपारी, फोन वाजला. पडद्यावर पत्ता आला, ओनेडाच्या घरचा.

"नऊ-एक-एक, कुठे मदत हवीय?"

"जॉनेल, मी ओनेडा. छातीत कळ येतेय."

"श्वास घेता येतोय?"

"येतोय."

"कळ हातात जातेय? जबड्यात?"

"जायला हवी का?"

"घाम सुटलाय?"

"स्टोव्हपाशी उभी आहे, सुटणारच. दार उघडं ठेवलंय. कुत्रा मागे बांधलाय. तबेल्यापाशी गाडी वळवता येईल, चिखल वाळलाय. पायरी सैल आहे, स्ट्रेचर आणणार असतील तर डावीकडून आणायला सांग."

इतक्या व्यवस्थित मरणारी बाई मी नोकरीत पाहिली नव्हती. गाडीतल्या माणसांना काय काय लागतं ते तिला सगळं पाठ होतं, वर्षानुवर्षं मला सांगताना ऐकलेलं. खोटा कॉल करणं हा गुन्हा आहे, आणि हा स्कॅनरच्या गुन्ह्यासारखा हसण्यावारी न्यायचा नाही. एक गाडी अडकते, तेवढ्यात दुसरीकडे कुणी खरंच मरतं. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने छातीत कळ म्हटल्यावर गाडी धाडावीच लागते. तिचं खरं की खोटं हे ठरवायला मी डॉक्टर नाही, आणि त्या वेळी ठरवायचंही नव्हतं.

"जॉनेल, आज गाडीवर..." ती म्हणाली आणि थांबली. पुढे विचारायचा धीर तिला झाला नाही.

कोण येतंय हे आम्ही फोनवर सांगत नाही. तसा नियम आहे, आणि मी तो इतकी वर्षं पाळला होता.

"टोन्या निघालीय," मी म्हणाले. "पडून राहा."

फोन ठेवला. चार नंबरला मी पत्ता सांगितला तेव्हा पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. मग तिने पत्ता परत म्हणून दाखवला, अक्षर न अक्षर, बर्लच्या वेळी म्हटला होता तसाच. आवाजात काही नव्हतं. काही नसतं तेव्हाच मला भीती वाटते.

"चार नंबर, पोहोचलो."

आणि मग शांतता.

मी दुसरे दोन फोन घेतले. एकाची गुरं रस्त्यावर आली होती, एकीचा नवरा किल्ल्या देत नव्हता. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून मी बघत होते. खरंच कळ आली असेल का? छातीवर हात असतील का पोरीचे? की उंबऱ्यावरच भांडण जुंपलंय? मी कान देऊन बसले आणि कानात नुसती हवा. मला सगळं माहीत असतं असा माझा समज होता. गाडी कुठे आहे एवढंच मला माहीत असतं. इतका वेळ का लागतोय, असं मी मोठ्याने म्हणाले, त्या रिकाम्या खोलीत, आणि माझीच मला लाज वाटली.

शेवटी राहवलं नाही. माइक दाबला.

"चार नंबर, स्थिती काय?"

उत्तर नाही. मी परत विचारलं. मग खट्ट झालं आणि टोन्याचा आवाज आला. घशात काहीतरी अडकल्यासारखा, भरल्या तोंडाने बोलत असल्यासारखा.

"कंट्रोल, पेशंट ठीक आहे. ईसीजीची पट्टी काढून बघितली, हृदय चांगलं चाललंय. दवाखान्यात यायला नाही म्हणतेय."

"बरं. मग गाडी मोकळी समजू का?"

मागे भांडी वाजली. तिच्या गाडीवरच्या सहकाऱ्याचं हसणं ऐकू आलं.

"कॉल आला तर लगेच निघू," टोन्या म्हणाली. "पण आला नाही तर थोडा वेळ दे, जॉनेल. आई अजून वाढतेय."